कुद्रेमुख खाणविरोधी चळवळ

कर्नाटक राज्यातील पश्चिम घाटाच्या कुद्रेमुख डोंगररांगेत, उष्ण कटिबंधीय सदाहरित वनांच्या मध्यभागी चालणाऱ्या लोहखनिजाच्या उघड्या खाणीविरुद्ध विसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली चळवळ. वन्यजीव-संरक्षक, भद्रा व तुंगा नद्यांच्या काठचे शेतकरी आणि नागरिकांचे गट यांच्या प्रयत्नांतून ती वाढली. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० ऑक्टोबर २००२ च्या निर्णयाने खाणीची अंतिम मुदत ठरली व २००५ च्या अखेरीस खाणकाम थांबले. चालू स्थितीतील, केंद्र शासनाच्या मालकीची, परकीय चलन मिळवून देणारी मोठी खाण वनरक्षणासाठी बंद व्हावी, अशी उदाहरणे भारताच्या इतिहासात मोजकीच आहेत. त्यामुळे संरक्षित वने व खाणकाम यांच्या संघर्षात या चळवळीला महत्त्व आहे. मात्र ज्या कायद्याच्या आधारे खाण हटली, त्याच कायद्याने त्या वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे वास्तव्यही संशयास्पद ठरविले. चळवळीचे यश आणि तिच्यातील हा अंतर्विरोध या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

भूप्रदेश व वने : कन्नड भाषेत ‘कुदुरे’ म्हणजे घोडा. समुद्राच्या बाजूने पाहिल्यास घोड्याच्या तोंडासारखे दिसणारे शिखर (उंची सुमारे १,८९० मी.) या रांगेत असल्यामुळे तिला कुद्रेमुख हे नाव पडले. रांगेचा मोठा भाग चिकमगळूर जिल्ह्यात असून तिचे पश्चिम उतार उडुपी व दक्षिण कन्नड या किनारी जिल्ह्यांत उतरतात. येथे पर्जन्यमान अतिशय जास्त असून काही ठिकाणी ते वर्षाला सहा ते सात हजार मिमी. पर्यंत जाते आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

रांगेतील गंगामूळ या ठिकाणाच्या परिसरात तुंगा, भद्रा व नेत्रावती या तीन नद्या उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेस वाहत जाऊन मंगळूरजवळ अरबी समुद्राला मिळते. तुंगा व भद्रा पूर्वेकडे वाहतात आणि कूडली येथे एकत्र होऊन तुंगभद्रा या नावाने पुढे कृष्णेस मिळतात. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्याचा दक्षिण भाग अशा रीतीने या डोंगरांवर अवलंबून आहे. भद्रेवर लक्कवळ्ळी येथे धरण असून त्याच्या पाण्यावर शिमोगा, दावणगेरे इ. जिल्ह्यांतील शेती चालते.

खालच्या व मधल्या उतारांवर घनदाट सदाहरित वने आहेत. माथ्यावर गवताळ उतार असून घळींच्या आश्रयाने बुटक्या सदाहरित वृक्षांचे पुंजके वाढलेले दिसतात. या पुंजक्यांना ‘शोला’ म्हणतात. गवताळ भाग म्हणजे वृक्षतोडीने उघडे पडलेले रान, असा समज पूर्वी रूढ होता. वास्तविक शोला व गवताळ भाग मिळून एकच परिसंस्था बनते आणि पावसाचे पाणी मुरवून ते उन्हाळ्यापर्यंत ओढ्यांना पुरविण्याचे काम दोन्ही मिळून करतात. खनिजाचे थर मुख्यतः या माथ्यांवर असल्याने ‘खाणीसाठी फारसे जंगल तोडावे लागत नाही’ असा युक्तिवाद पुढे दीर्घकाळ करण्यात आला.

या वनांतील सर्वांत परिचित प्राणी म्हणजे सिंहपुच्छी वानर. तो फक्त पश्चिम घाटातच आढळतो, बहुतेक आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर घालवितो आणि सलग छत असलेल्या सदाहरित वनाबाहेर टिकत नाही. याखेरीज वाघ, बिबळ्या, गवा, सांबर इ. प्राणी येथे आहेत.

खाणीची स्थापना : कुद्रेमुख येथील लोहखनिजाची नोंद म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातील पी. संपत अय्यंगार यांनी १९१३ मध्ये केली. हे खनिज मॅग्नेटाइट जातीचे असून त्यातील लोहाचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी आहे. एवढ्या कमी प्रतीचे खनिज दळून व चुंबकाच्या साहाय्याने वेगळे करून त्यातील लोहांश वाढविल्याशिवाय विकता येत नाही, म्हणून सुमारे अर्धशतक ते पडून राहिले. १९६५ च्या सुमारास राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाने त्याची पद्धतशीर पाहणी सुरू केली. १९६९ मध्ये सुमारे ४,६०५ हे. क्षेत्राचा खाणपट्टा तीस वर्षांसाठी मंजूर झाला. या पट्ट्याचा बराच भाग राखीव वनांत होता.

योजनेला खरी चालना १९७३ च्या खनिज तेलाच्या भाववाढीनंतर मिळाली. तेलाच्या उत्पन्नातून पोलाद उद्योग उभारू पाहणाऱ्या इराणशी भारताने १९७५ मध्ये करार केला. त्यान्वये इराणने ६३ कोटी डॉलरांचे कर्ज द्यावयाचे व त्या बदल्यात कुद्रेमुखच्या संकेंद्रित खनिजाचा दीर्घ मुदतीचा पुरवठा घ्यावयाचा, असे ठरले. एप्रिल १९७६ मध्ये कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी ही केंद्र शासनाची कंपनी स्थापन झाली. वर्षाला ७५ लाख टन संकेंद्रित खनिज तयार करण्याच्या क्षमतेचा कारखाना, मल्लेश्वर येथे कामगारांची वसाहत आणि पाण्यात कालवलेले खनिज (स्लरी) मंगळूर बंदरापर्यंत नेणारी सुमारे ६७ किमी. लांबीची वाहिनी ही कामे १९८० पर्यंत पुरी झाली. दरम्यान १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली. तेथील नव्या राजवटीने उरलेले कर्ज दिले नाही व खनिजही उचलले नाही. ज्या ग्राहकासाठी डोंगर फोडावयाचा, तोच नाहीसा झाला होता. परंतु यंत्रसामग्री उभी राहिली होती. तेव्हा चीन, जपान इ. देशांत नवे ग्राहक शोधण्यात आले. मंगळूर येथे खनिजाच्या गोळ्या (पेलेट) तयार करण्याचा कारखाना १९८७ मध्ये सुरू झाला.

एक टन संकेंद्रित खनिज मिळविण्यासाठी सुमारे तीन टन कच्चे खनिज खोदावे लागे. उरलेला बारीक टाकाऊ गाळ साठविण्यासाठी लक्या या ओढ्यावर मातीचे धरण बांधून एक अख्खे खोरे वापरण्यात आले. या धरणाची उंची वाढवीत सुमारे १०० मी. पर्यंत नेण्यात आली.

प्रारंभीचे मौन : खाण उभी राहत असताना तिला उल्लेखनीय विरोध झाला नाही. याची कारणे त्या काळात आहेत. करार झाला तेव्हा देशात आणीबाणी (१९७५–७७) होती. वनजमीन अन्य कामासाठी देताना केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक करणारा वन (संवर्धन) अधिनियम १९८० चा, म्हणजे खाण सुरू झाली त्याच वर्षाचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला असला, तरी कुद्रेमुखची वने त्याखाली आली नव्हती. शिवाय सार्वजनिक क्षेत्रातील मोठा प्रकल्प म्हणजे राष्ट्राची प्रगती, ही भावना सर्वत्र दृढ होती. याच सुमारास केरळातील सायलेंट व्हॅलीच्या जलविद्युत् प्रकल्पाविरुद्ध चळवळ होऊन तो प्रकल्प सोडून देण्यात आला (१९८३). तेथील वादात सिंहपुच्छी वानराचे नाव घरोघर पोहोचले. सायलेंट व्हॅलीत धरण बांधण्यापूर्वीच वाद झाला, कुद्रेमुखला मात्र यंत्रे चालू झाल्यावर लोकांचे लक्ष गेले. दोन्ही चळवळींच्या वाटचालीतील फरक बराचसा यातून निर्माण झाला.

विरोधाचा उगम : वन्यजीव-शास्त्रज्ञ के. उल्लास कारंत यांनी १९८३–८४ च्या सुमारास कर्नाटकातील सिंहपुच्छी वानराच्या वसतिस्थानांची पाहणी केली. या प्राण्याचा महत्त्वाचा वावर कुद्रेमुख परिसरात असल्याचे तीत दिसून आले व या वनांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा द्यावा, अशी शिफारस पुढे आली. त्यानंतर कर्नाटक शासनाने सप्टेंबर १९८७ मध्ये सुमारे ६०० चौ. किमी. क्षेत्रासाठी राष्ट्रीय उद्यानाची प्राथमिक अधिसूचना काढली. अशा रीतीने एकाच डोंगररांगेवर दोन शासकीय हेतू आरूढ झाले : केंद्राच्या पोलाद मंत्रालयाची खाण आणि राज्याच्या वन खात्याचे उद्यान. पुढील बारा वर्षे दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिली.

त्याच वर्षी पश्चिम घाटाच्या प्रश्नाकडे सर्वसामान्यांचे लक्ष वेधणारी ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली. तिची एक तुकडी महाराष्ट्रातील नवापूर येथून व दुसरी कन्याकुमारीहून १ नोव्हेंबर १९८७ रोजी निघाली आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये दोन्ही गोव्यात फोंड्याजवळ एकत्र आल्या. महाराष्ट्रातील संयोजनात जगदीश गोडबोले यांचा मोठा वाटा होता. या यात्रेने कोणतीही खाण बंद पाडली नाही. पण तापीपासून कन्याकुमारीपर्यंतची पर्वतरांग हा एकच प्रश्न आहे, ही जाणीव तिने निर्माण केली. धरण, खाण, वृक्षतोड यांविरुद्ध विखुरलेले स्थानिक गट या निमित्ताने एकमेकांना प्रथमच भेटले.

नद्या व गाळ : वानराच्या रक्षणासाठी सुरू झालेला विरोध नदीमुळे व्यापक झाला. खाणीच्या परिसरात सैल, झिजलेल्या खनिजाचे थर उघडे पडलेले होते. टाकाऊ गाळ धरणात साठविला जात असला, तरी खोदलेल्या उतारांवरून व रस्त्यांवरून वाहणारे पावसाचे सर्व पाणी धरणात जात नव्हते. त्यातील बरेचसे थेट भद्रेत उतरे. पावसाळ्यात नदीचे पाणी तांबूस-काळसर होई आणि खालच्या शेतांत व जलाशयात गाळ बसे. भद्रेच्या काठच्या शेतकऱ्यांना उद्यानाच्या हद्दीशी कर्तव्य नव्हते. त्यांचा प्रश्न पाण्याचा व जमिनीचा होता.

जगदीश कृष्णस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ व २००३ या वर्षांच्या पावसाळ्यांत भद्रेच्या वरच्या खोऱ्यात पाऊस, प्रवाह व तरंगता गाळ यांची मोजमापे घेतली. एकूण पाणलोट क्षेत्राच्या मानाने खाणीचे क्षेत्र अगदी अल्प असूनही गाळाचा फार मोठा हिस्सा तिच्याकडून येतो, असे या अभ्यासात आढळले. थोड्या काळात कोसळणाऱ्या जोरदार सरींच्या वेळी बहुतांश गाळ वाहून जात असल्याने वर्षाच्या सरासरीवरून किंवा कोरड्या ऋतूतील नमुन्यांवरून नदीची खरी स्थिती कळत नाही, ही गोष्टही त्यातून स्पष्ट झाली. उष्ण कटिबंधातील पर्वतीय खाणींचे परिणाम मोजण्याच्या दृष्टीने हा मुद्दा मूलभूत आहे.

तुंगेच्या खोऱ्यातही अस्वस्थता होती. चालू खाणीतील सहज मिळणारे झिजलेले खनिज संपत आल्याने कंपनीची दृष्टी नेल्लिबीडू व गंगरिकल या लगतच्या साठ्यांकडे वळली. गंगरिकलचा साठा नद्यांच्या उगमांलगत असल्याने शृंगेरी परिसरात तुंगेचा उगम वाचविण्यासाठी स्वतंत्र चळवळ उभी राहिली. शृंगेरीचे पीठ तुंगेच्या काठीच असल्याने या प्रश्नाला धार्मिक भावनेचेही बळ मिळाले.

पट्ट्याची मुदत व न्यायालयीन लढा : तीस वर्षांचा खाणपट्टा जुलै १९९९ मध्ये संपणार होता. कंपनीने आणखी वीस वर्षांच्या नूतनीकरणाची मागणी केली. चळवळीच्या दृष्टीने हा निर्णायक क्षण होता. मुदतीत असलेल्या पट्ट्यावर हल्ला करणे अवघड असते. परंतु मुदत संपताच कंपनीला नव्याने परवानगी मागावी लागते आणि ती वेळ येईतो १९८० चा वनकायदा, १९८७ ची उद्यानाची अधिसूचना व सर्वोच्च न्यायालयाचे वनविषयक आदेश या तिन्ही गोष्टी अस्तित्वात आल्या होत्या. १९६९ मध्ये ज्या डोंगरावर पट्टा दिला गेला, तो कायद्याच्या दृष्टीने १९९९ मध्ये तोच डोंगर राहिला नव्हता.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कंपनीला प्रथम एक वर्षाची तात्पुरती परवानगी दिली व नंतर ती वाढविली. या तात्पुरत्या परवान्यांवर खाण चालू असतानाच वाइल्डलाइफ फर्स्ट या संस्थेचे विश्वस्त व नागरहोळे येथील कामगिरीमुळे ख्यातनाम झालेले निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद विरुद्ध भारत सरकार या, १९९५ पासून चालू असलेल्या वनविषयक खटल्यात तो दाखल झाला. याच खटल्यात न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ‘वन’ या शब्दाची व्यापक व्याख्या केली होती. फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वाळलेली झाडे, गवत इ. काढण्यासही न्यायालयाने मनाई केली. जेथून वाळके गवत उचलता येत नाही, तेथून डोंगरच्या डोंगर कसा नेता येईल, असा प्रश्न यातून साहजिकच उपस्थित झाला. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातील खाणींविरुद्ध तरुण भारत संघाने १९९१ मध्ये मिळविलेल्या आदेशांचा पूर्वाधारही होताच.

जून २००१ मध्ये कर्नाटक शासनाने उद्यानाची अंतिम अधिसूचना काढली. खाणपट्ट्याचे क्षेत्र उद्यानाच्या हद्दीत धरावयाचे की नाही, हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता.

कंपनीची बाजूही दुर्लक्षणीय नव्हती. आपली खाण उद्यानापूर्वीची आहे, शासनाच्या परवानगीनेच ती उभी राहिली, टाकाऊ गाळासाठी धरण बांधले आहे, मोठ्या प्रमाणावर झाडे लावली आहेत आणि खाण बंद पडल्यास कामगार बेकार होऊन परकीय चलन बुडेल, असे तिचे म्हणणे होते. यातील रोजगाराचा मुद्दा खरा होता. मल्लेश्वरची वसाहत पूर्णपणे खाणीवर जगत होती. झाडे लावण्याचा मुद्दा मात्र लंगडा होता. नैसर्गिक गवताळ उतारांवर बाहेरच्या जातींची झाडे लावल्याने तेथील मूळ परिसंस्थेची भरपाई होत नाही, उलट तिच्यात आणखी बिघाड होतो, असे आक्षेपकांनी दाखवून दिले.

निर्णय : सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २००२ रोजी निर्णय दिला. केंद्राच्या वन सल्लागार समितीने केलेली शिफारस न्यायालयाने मान्य केली. तीनुसार आधीच फोडलेल्या क्षेत्रातील झिजलेले खनिज काढून घेण्यापुरती २००५ च्या अखेरपर्यंत मुदत देऊन खाण गुंडाळावयाची होती. वीस वर्षांच्या नूतनीकरणाची मागणी फेटाळली गेली आणि खालचे कठीण प्राथमिक खनिज व लगतचे नवे साठे हे दोन्ही सुरक्षित राहिले. न्यायालयाने संविधानातील अनुच्छेद २१, ४८ अ व ५१ अ (छ) यांचा आधार घेतला. निसर्गसंपत्ती ही शासनाकडे विश्वस्त म्हणून सोपविलेली असते, तसेच हानीची पूर्ण खात्री होईपर्यंत थांबण्याऐवजी आधीच सावधगिरी बाळगावी, ही तत्त्वे निर्णयात विवेचिली आहेत. खाण तत्काळ बंद न करता तीन वर्षांची मुदत दिल्याबद्दल काही वन्यजीव-संरक्षकांनी नाराजी व्यक्त केली. तथापि कामगारांची व्यवस्था व धरणाचे स्थैर्य या दृष्टीने टप्प्याटप्प्याने माघार घेणे आवश्यक होते. मुदत वाढवून मिळावी, हा कंपनीचा नंतरचा प्रयत्न यशस्वी झाला नाही व ३१ डिसेंबर २००५ रोजी खाणकाम थांबले.

वनवासींचा प्रश्न : या परिसरात मलेकुडिया ही आदिवासी जमात, लहान शेतकरी व सुपारी-बागाईत करणारी कुटुंबे दीर्घकाळ राहतात. मध, शिकेकाई, वेत इ. वनोपजांवर त्यांपैकी अनेकांची उपजीविका अवलंबून होती. राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव अधिनियमानुसार चराई, वनोपज-संकलन व खाजगी हक्क यांना जवळजवळ वाव नसतो. त्यामुळे अंतिम अधिसूचनेनंतर विस्थापनाची भीती पसरली आणि राष्ट्रीय उद्यानास विरोध करणारी संघटना स्थापन झाली. खाणीला विरोध करणाऱ्यांपैकी काही जण या संघटनेच्या बाजूने उभे राहिले, तर काहींनी उद्यानाच्या हद्दीत मनुष्यवस्ती नसावी असाच आग्रह धरला. खाणीच्या प्रश्नावर एकत्र आलेले प्रवाह येथे फुटले.

वनवासींचा आक्षेप तर्कदृष्ट्या बळकट होता. डोंगर फोडणाऱ्या कंपनीला परवाने मिळत राहिले. मध गोळा करणारा मात्र अतिक्रमक ठरला. वन्यजीव-संरक्षकांचे म्हणणे असे, की विखुरलेल्या वस्त्यांमुळे वनांचे छत तुटते, शिकार व वणवे वाढतात आणि रस्ते, शाळा, दवाखाने यांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनाही योग्य मोबदल्यासह स्थलांतर हवेच असते. त्यासाठी ते लगतच्या भद्रा अभयारण्यातील, २००२ च्या सुमारास पार पडलेल्या पुनर्वसनाचा दाखला देत. शासनाने सक्तीने हुसकावणार नाही, असे सांगितले व स्वेच्छेने जाणाऱ्यांसाठी पुनर्वसनाची योजना आखली. परंतु हक्कांची निश्चिती रेंगाळल्याने अविश्वास कायम राहिला. याच असंतोषात सशस्त्र नक्षलवादी गटांनी शिरकाव केला. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांचा नेता साकेत राजन हा चिकमगळूर जिल्ह्यातील चकमकीत मारला गेला. त्यानंतरच्या पोलिस कारवाईची झळ वनातील वस्त्यांना दीर्घकाळ बसली.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे खाण बंद झाल्यानंतर एका वर्षाच्या आत संमत झाला. तो आधी असता, तर कुद्रेमुखच्या वादात वनवासींचे म्हणणे तळटीप म्हणून न राहता पक्ष म्हणून ऐकले गेले असते. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीबाबत हा फरक स्पष्ट दिसला. तेथे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बारा ग्रामसभांनी एकमुखाने खाण नाकारली. डोंगरिया कोंढांच्या श्रद्धा व हक्क हाच तेथे नकाराचा आधार ठरला. कुद्रेमुखला नकार वन्यजीव व नदी यांच्या नावाने दिला गेला.

खाण बंद झाल्यानंतर : मल्लेश्वरची वसाहत हळूहळू ओस पडली. कंपनीचा मंगळूर येथील कारखाना बाहेरून खनिज आणून चालू राहिला. म्हणजे कारखाना टिकण्यासाठी कुद्रेमुखचा डोंगर अपरिहार्य नव्हता, हे प्रत्यक्षातच सिद्ध झाले. अर्थात ते खनिज दुसऱ्या कोणत्या तरी डोंगरातून आले, हेही विसरता येत नाही. लक्या धरणामागचा गाळाचा प्रचंड साठा मात्र हलविता येण्याजोगा नाही. अतिवृष्टीच्या प्रदेशातील या मातीच्या धरणाची देखभाल ही खाणीच्या आयुष्यापेक्षा कितीतरी दीर्घ मुदतीची जबाबदारी आहे. खाणीच्या ताळेबंदात अशा जबाबदारीची नोंद सहसा होत नाही. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान आहे. महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी ही स्थळेही त्याच यादीत आहेत. कुद्रेमुखला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्याच्या सूचनेस मात्र स्थानिकांनी विरोध केला. उद्यानाच्या अनुभवाने झालेली जखम भरली नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

इतरत्र झालेले परिणाम : माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये आपला अहवाल सादर केला. अत्यंत संवेदनशील विभागात नव्या खाणींना परवाने देऊ नयेत व चालू खाणी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, ही त्यातील शिफारस कुद्रेमुखला घडलेल्या क्रमाशी मिळतीजुळती आहे. कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या अहवालानेही संवेदनशील क्षेत्रापुरती हीच दिशा ठेवली, पण ते क्षेत्र कमी केले.

गोव्यात या संघर्षाचे कायदेशीर प्रतिबिंब अधिक ठळक आहे. म्हादई व नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये अधिसूचित झाली, त्या वेळी त्या परिसरात खाणी चालू होत्या. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात, गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती व त्यानंतरचे खाणकाम बेकायदेशीर होते, असे ठरविले. मुदत संपलेल्या पट्ट्याचा मुद्दा कुद्रेमुखप्रमाणेच येथेही निर्णायक ठरला. पुढे २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांत, तसेच त्यांच्या हद्दीपासून एक किमी. अंतरात खाणकामास देशभर मनाई असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांत मात्र स्थिती वेगळी आहे. कळणे व आसपासच्या गावांनी लोहखनिजाच्या खाणींना विरोध केला. पण तेथील बरीचशी राने खाजगी मालकीची असून ती उद्यान वा अभयारण्य म्हणून अधिसूचित नव्हती. वन तितकेच समृद्ध असूनही त्याला कायद्याचे नाव नसल्याने विरोधाला आधार कमी पडला.

मूल्यमापन : कुद्रेमुखच्या यशाचे श्रेय कोणा एका गटास देता येत नाही. शास्त्रज्ञांच्या पाहणीतून उद्यान आले, उद्यानामुळे कायद्याचा आधार मिळाला, नदीकाठच्या शेतकऱ्यांनी प्रश्नाला जनाधार दिला आणि पट्ट्याची मुदत संपल्यामुळे न्यायालयाचे दार उघडले. यांपैकी एक दुवा जरी निखळला असता, तरी खाण बहुधा चालूच राहिली असती. निव्वळ वनांच्या मोलावर खाण थांबली, असे म्हणणे म्हणून अतिशयोक्तीचे ठरेल. वनांचे मोल कायद्याच्या व मोजमापाच्या भाषेत मांडता आले, म्हणून ती थांबली.

चळवळीची मर्यादाही याच ठिकाणी आहे. जे मोजता आले व अधिसूचित करता आले, ते वाचले. वनवासींचा वहिवाटीचा हक्क कागदावर नव्हता. त्यामुळे खाणीविरुद्धच्या लढ्यात त्याची दखल घेतली गेली नाही व खाण गेल्यावर तो उद्यानाच्या आड आला. संरक्षित वनातून खाण हटविणे हे संरक्षणाचे पहिले काम होय. त्या वनात कोणी, कोणत्या हक्काने राहावयाचे, हे तेथे राहणाऱ्यांच्या संमतीने ठरविणे हे दुसरे. कुद्रेमुखला पहिले काम २००५ मध्ये पुरे झाले. दुसरे पुरे होण्यास न्यायालयाचा निर्णय पुरेसा नव्हता.